शब्दांचे वय : भोपाळविषयक जुन्या इंग्रजी लेखनातील शब्दार्थांची चिकित्सा

प्रस्तावना

भोपाळ संस्थानाच्या इतिहासाची साधने फारसी, उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा अनेक भाषांत विखुरलेली आहेत. तथापि महाविद्यालयीन वर्गात प्रत्यक्ष वापरली जातात ती बहुतांशी इंग्रजी साधने. सर जॉन माल्कम यांचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ (१८२३), १८१८ चा कंपनी सरकार व भोपाळ यांमधील तह, नवाब सिकंदर बेगम यांच्या हज यात्रावृत्तांताचे श्रीमती विलोबी-ऑस्बर्न यांनी केलेले भाषांतर (१८७०) आणि नवाब शाहजहाँ बेगम यांच्या ‘ताजुल इक्बाल’ या इतिहासाचे एच. सी. बार्स्टो यांनी केलेले भाषांतर (१८७६) ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. इतिहास, उर्दू, मराठी किंवा इंग्रजी यांपैकी कोणताही विषय शिकविणाऱ्या अध्यापकाला या लेखनाशी कधी ना कधी संबंध येतोच.

या लेखनातील इंग्रजी दीडशे ते दोनशे वर्षांपूर्वीचे आहे. त्यातील कठीण शब्द वाचकाला फारसे फसवीत नाहीत, कारण कठीण शब्द आला की वाचक कोश उघडतो. फसवितात ते ओळखीचे शब्द. त्यांचा आजचा अर्थ मनात पक्का असतो आणि तो तसाच जुन्या मजकुरावर बसविला जातो. परिणामी कोठे नसलेला अपमान दिसतो, तर कोठे असलेला अपमान नजरेतून सुटतो. प्रस्तुत लेखात अशा काही निवडक शब्दांचा विचार केला असून, जुन्या शब्दाचे वय पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ ठरविता येत नाही; मात्र वय पाहून झाल्यावरही त्या शब्दाचा न्यायनिवाडा संपत नाही, हे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

कोशांची साक्ष आणि तिच्या मर्यादा

सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नामवंत लेखकांची अवतरणे देऊन अर्थ स्पष्ट केले आहेत, पण अवतरणांना वर्षे दिलेली नाहीत. शब्दाचा प्रत्येक अर्थ केव्हा सुरू झाला, केव्हा बदलला आणि केव्हा मावळला हे सनावळीसह दाखविण्याचे काम ऑक्सफर्डच्या कोशाने केले. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. जुन्या इंग्रजी मजकुरासाठी हाच कोश प्रमाण मानावा लागतो. वर्गात मात्र सहसा उघडला जातो तो खिशात मावणारा कोश, आणि त्यात केवळ आजचे अर्थ असतात.

भारतीय संदर्भातील इंग्रजीसाठी हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश प्रसिद्ध आहे. तो १८८६ मध्ये निघाला. बर्नेल त्यापूर्वीच, १८८२ मध्ये निवर्तले होते. विल्यम क्रूक यांनी १९०३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. ‘नवाब’ या शब्दापासून पोर्तुगीज वळणाने ‘नेबॉब’ कसा झाला, आणि अठराव्या शतकात हिंदुस्थानातून गडगंज संपत्ती घेऊन परतणाऱ्या इंग्रजालाच तो शब्द कसा चिकटला, हे हा कोश सनवार उताऱ्यांसह दाखवितो. सॅम्युअल फूट यांचे ‘द नेबॉब’ हे १७७२ चे नाटक याच नवश्रीमंत वर्गाची टवाळी करणारे होते. हा तपशील मोलाचा आहे.

परंतु या कोशाचे नावच त्याची मर्यादा सांगते. मुहर्रमच्या मिरवणुकीत ‘या हसन, या हुसेन’ असा जो शोकाचा आक्रोश होतो, तो गोऱ्या शिपायांच्या कानी जसा पडला तसा त्यांनी उच्चारला आणि त्यातून ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे रूप तयार झाले. ऐकणाऱ्याच्या जिभेवर परका शब्द कसा बदलतो याचा नमुना म्हणून संपादकांनी ते ग्रंथाचे शीर्षक केले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने नमुना चपखल आहे. पण ज्यांचा तो शोक होता त्यांच्या दृष्टीने पाहता, करबलाच्या स्मृतीतील हाक येथे गमतीची वस्तू झाली आहे. हा कोश शब्द ऐकणाऱ्याच्या बाजूचा आहे, बोलणाऱ्याच्या नव्हे, हे लक्षात ठेवूनच त्याची साक्ष घ्यावी लागते. त्याच्या उपशीर्षकातील ‘अँग्लो-इंडियन’ हा शब्दही सावधपणे वाचावा लागतो. १८८६ मध्ये त्याचा अर्थ हिंदुस्थानात राहणारा इंग्रज असा होता. मिश्र वंशाचा समाज हा अर्थ १९११ च्या जनगणनेपासून सरकारी वापरात रूढ झाला आणि पुढे संविधानाच्या ३६६ व्या अनुच्छेदात त्याची व्याख्या झाली.

याच सुमारास भोपाळमध्येही कोशाचे एक मोठे काम झाले. नवाब शाहजहाँ बेगम यांचा ‘खजीनतुल लुगात’ हा उर्दू, फारसी, अरबी, संस्कृत, तुर्की आणि इंग्रजी अशा सहा भाषांचा कोश १८८६ च्या सुमारास भोपाळच्या छापखान्यातून बाहेर पडला. लंडनमध्ये इंग्रज अधिकारी हिंदुस्थानी शब्दांना इंग्रजीच्या पंक्तीला बसवीत असताना भोपाळची राज्यकर्ती इंग्रजीला इतर पाच भाषांच्या पंक्तीत एक भाषा म्हणून बसवीत होती. दोन्ही उपक्रमांची तुलना अभ्यासकांनी अद्याप पुरेशी केलेली नाही.

मराठी वाचकाला आणखी एक कोश विसरता येत नाही, तो म्हणजे मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७). त्यातील मराठी शब्दांचे अर्थ एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीत सांगितले आहेत. म्हणजेच जुन्या मराठी शब्दाचा अर्थ मोल्सवर्थवरून लावताना जुन्या इंग्रजीची जाण असावीच लागते. जुन्या इंग्रजीचा प्रश्न केवळ इंग्रजीच्या अध्यापकाचा नाही, तो मराठीच्या अध्यापकाचाही आहे.

तहातील शब्द : सबसिडी, कॉन्टिन्जंट आणि रीजंट

‘सबसिडी’ म्हटले की आजच्या विद्यार्थ्याला गॅस सिलिंडर किंवा खतावरील सवलत आठवते आणि ‘सबसिडिअरी’ म्हटले की दुय्यम विषय किंवा मोठ्या कंपनीची उपकंपनी. त्यामुळे ‘सबसिडिअरी अलायन्स’ म्हणजे ‘दुय्यम दर्जाची मैत्री’ असा अर्थ उत्तरपत्रिकांत लिहिला जातो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मदतीसाठी राखून ठेवलेले सैन्य. त्यावरून इंग्रजीत एका सत्तेने दुसऱ्या सत्तेला फौजेच्या खर्चापोटी दिलेली रक्कम म्हणजे सबसिडी असा अर्थ झाला. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचे किमान सहा हजार पायदळ ठेवून घेण्याचे मान्य केले आणि त्यासाठी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख लावून दिला. फौज कंपनीची, खर्च पेशव्याचा. मराठीत रूढ झालेला ‘तैनाती फौज’ हा शब्द या व्यवहाराचे स्वरूप इंग्रजी शब्दापेक्षा अधिक उघड करतो.

भोपाळचा १८१८ चा तह मात्र वेगळ्या शब्दाभोवती फिरतो. नवाब नजर मुहम्मद खान यांनी कंपनीचे वर्चस्व मान्य केले, इतर सत्तांशी स्वतंत्र संबंध सोडले आणि मागणी होताच सहाशे स्वार व चारशे पायदळ पुरविण्याचे कबूल केले. या सैन्याला ‘कॉन्टिन्जंट’ म्हटले आहे. आज महाविद्यालयात ‘कंटिन्जन्सी’ म्हणजे किरकोळ किंवा आकस्मिक खर्च, आणि ‘कॉन्टिन्जंट’ म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेचे किंवा खेळाडूंचे पथक. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील राजकीय भाषेत त्याचा अर्थ होता वाट्याला आलेला हिस्सा, म्हणजे तहानुसार प्रत्येकाने पुरवायची सैन्याची ठरलेली संख्या. तैनाती फौज आणि कॉन्टिन्जंट यांत हा मूलभूत भेद आहे: पहिलीत कंपनीची फौज संस्थानिकाच्या खर्चाने उभी राहते, दुसऱ्यात संस्थानिक आपल्या वाट्याचे सैन्य कंपनीला पुरवितो. दोहोंना सरसकट तैनाती फौज म्हटल्यास १८०२ चे पुणे आणि १८१८ चे भोपाळ यांतील फरक पुसला जातो. पुढे भोपाळ कॉन्टिन्जंटवर इंग्रज अधिकारी आले आणि व्यवहारात हा भेद पुसट झाला हे खरे. पण तो कसा पुसट झाला हाच तर इतिहासाचा प्रश्न आहे. १८५७ मध्ये सीहोर येथे याच कॉन्टिन्जंटमधील शिपायांनी उठाव करून ‘सिपाही बहादुर’ या नावाने आपला अंमल जाहीर केला.

तिसरा शब्द ‘रीजंट’. त्याचा जुना अर्थ सत्ता चालविणारा इतकाच होता. पुढे तो अज्ञान किंवा अनुपस्थित राज्यकर्त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्यापुरता मर्यादित झाला. कुदसिया बेगम यांनी १८१९ पासून १८३७ पर्यंत आणि त्यांच्या कन्या सिकंदर बेगम यांनी १८६० पूर्वी याच दुसऱ्या अर्थाने कारभार पाहिला. सिकंदर बेगम यांना हा शब्द पुरेसा वाटला नाही. राज्य प्रत्यक्ष चालविणारी व्यक्ती कागदोपत्री दुसऱ्याच्या वतीने का चालवीत असावी, हा त्यांचा आक्षेप होता. १८६० मध्ये इंग्रज सरकारने त्यांना स्वतःच्या हक्काने भोपाळच्या राज्यकर्त्या म्हणून मान्यता दिली. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द येण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. म्हणून ‘रीजंट’ आणि ‘राज्यकर्ती’ यांचे भाषांतर वर्गात ‘राणी’ या एकाच शब्दाने करणे हा त्या झगड्यावर अन्याय ठरतो.

माणसांना लावलेली विशेषणे

जॉर्ज हॅडली यांनी १७७२ मध्ये लंडन येथे हिंदुस्थानी भाषेचे एक व्याकरण प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात ही बोली व्यवहारातील व ‘व्हल्गर’ असून तिला सामान्यतः ‘मूर्स’ म्हणतात असे सांगितले आहे. आज उर्दूचा विद्यार्थी हे शीर्षक वाचतो तेव्हा आपल्या भाषेला कोणीतरी अश्लील म्हटल्याचा त्याचा समज होतो. त्या काळी ‘व्हल्गर’ म्हणजे सर्वसामान्य लोकांच्या वापरातील. अरबी-फारसीच्या ग्रंथभाषेहून निराळी, बाजारात व छावणीत बोलली जाणारी भाषा एवढेच हॅडली यांना सांगावयाचे होते. हा जुना अर्थ मराठी शाळेतील गणिताने आजही जपून ठेवला आहे: इंग्रजीत ज्यांना ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ म्हणत, त्यांना मराठीत ‘व्यवहारी अपूर्णांक’ म्हणतात. हे एक उदाहरण वर्गात दिले तरी विद्यार्थ्याचा गैरसमज दूर होऊ शकतो.

‘मूर्स’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. आफ्रिकेच्या वायव्येकडील मुसलमानांसाठी युरोपात वापरला जाणारा शब्द पोर्तुगीजांनी हिंदुस्थानातील मुसलमानांनाही लावला आणि इंग्रजांनी तो त्यांच्या भाषेलाही लावला. वास्तविक ही भाषा केवळ मुसलमानांची नव्हती. लष्करात, पेठेत आणि दरबारात हिंदूही ती बोलत होते. येथे शब्दाचा जुना अर्थ समजला तरी त्यातील चूक उरतेच, कारण तिने भाषेला धर्माचे लेबल लावले. एकाच शीर्षकातील दोन शब्दांपैकी एक निर्दोष ठरतो आणि दुसरा सदोष, हे अध्यापकाने वेगवेगळे करून दाखविले पाहिजे.

‘अ‍ॅडव्हेंचरर’ हा शब्द तर भोपाळच्या स्थापनेशीच जोडलेला आहे. तिराह प्रदेशातून आलेले दोस्त मुहम्मद खान यांनी १७०९ मध्ये बेरासिया हातात घेऊन आपल्या राज्याचा पाया घातला. १७२८ मध्ये त्यांचे निधन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी संदर्भग्रंथांत त्यांचे वर्णन ‘अफगाण अ‍ॅडव्हेंचरर’ असे येते आणि त्याचे भाषांतर ‘साहसी वीर’ किंवा उलट ‘संधिसाधू’ असे केले जाते. या शब्दाचा मूळ अर्थ जोखीम पत्करणारा. १५९९ च्या सप्टेंबरात लंडनच्या व्यापाऱ्यांनी पूर्वेकडील सफरीसाठी सुमारे तीस हजार पौंडांची वर्गणी जमविली, तेव्हा पैसे घालणे या क्रियेसाठी ‘अ‍ॅडव्हेंचर’ हाच शब्द वापरला गेला आणि पैसे घालणाऱ्यांना ‘अ‍ॅडव्हेंचरर’ म्हणत. १६७० च्या हडसन बे कंपनीच्या सनदेत तर तो कंपनीच्या अधिकृत नावातच आहे. १५९९ च्या त्याच कागदात त्या सफरीला ‘प्रिटेंडेड’ असे विशेषण आहे. आजचा अर्थ लावला तर ईस्ट इंडिया कंपनीचा आरंभ एका बनावट सफरीने झाला असे म्हणावे लागेल; तत्कालीन अर्थ ‘योजिलेली’ इतकाच होता.

याचा अर्थ असा नव्हे की दोस्त मुहम्मद खान यांना लावलेले विशेषणही तितकेच निर्मळ होते. १५९९ मध्ये हा शब्द सन्मानाचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज ग्रंथकारांनी तो वापरला तेव्हा त्यात ‘घरदार नसलेला, तलवारीवर नशीब काढणारा’ अशी छटा आली होती. ज्या कंपनीच्या संस्थापकांनी स्वतःला अ‍ॅडव्हेंचरर म्हणवून घेतले, तिच्या वारसदारांनी तो शब्द इतरांसाठी राखून ठेवला. मराठ्यांच्या बाबतीत ‘प्रेडेटरी’ या शब्दाचे असेच झाले. लूट करणारी ही संज्ञा इंग्रजी इतिहासकारांनी मराठे व पेंढारी यांच्या युद्धपद्धतीला वारंवार लावली. खंडणीवजा रकमा वसूल करणाऱ्या स्वतःच्या फौजांना ती क्वचितच लावली. म्हणजे भोपाळचा पठाण आणि पुण्याचा मराठा एकाच कोशाच्या एकाच पानावर येऊन बसतात. १७३७ च्या अखेरीस भोपाळजवळ निजामाला कोंडून दुराहासराईचा तह करावयास लावणारे पहिले बाजीराव आणि त्याच भूमीवर राज्य उभे करणारे दोस्त मुहम्मद खान यांच्यात वैर असो वा नसो, इंग्रजी विशेषणांनी त्यांना सारखेच वागविले आहे.

न्यायालयातील शब्द : लॉयल आणि डिसअफेक्शन

१८५७ नंतरच्या इंग्रजी लेखनात सिकंदर बेगम यांच्यासाठी ‘लॉयल’ हे विशेषण सतत येते. ‘लॉयल’ आणि ‘लीगल’ हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून, एक फ्रेंचच्या वळणाने आणि दुसरा थेट, इंग्रजीत आले. म्हणून ‘लॉयल’चा जुना अर्थ दिलेल्या वचनाला किंवा कराराला जागणारा असा होता, सिंहासनाशी एकनिष्ठ हा अर्थ पुढे बलवत्तर झाला. बेगम यांच्या १८५७ मधील भूमिकेचे मूल्यमापन काहीही केले तरी ती १८१८ च्या तहाला धरून होती काय, हा प्रश्न ‘राजनिष्ठ’ या भाषांतरात हरवतो. इंग्रजांनी मात्र त्या निष्ठेचा मोबदला म्हणून बेरासिया परगणा भोपाळला दिला.

‘लॉयल’च्या विरुद्ध बाजूचा शब्द ‘डिसअफेक्शन’. १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत १२४-अ कलम घालण्यात आले आणि हा शब्द कायद्यात आला. १८८५ मध्ये शाहजहाँ बेगम यांचे पती नवाब सिद्दीक हसन खान यांच्या ग्रंथलेखनावर राजद्रोहाचा संशय घेऊन लेपेल ग्रिफिन यांच्या पुढाकाराने त्यांच्या पदव्या व सलामीचा मान काढून घेण्यात आला. तेथे न्यायालय नव्हते, त्यामुळे शब्दाच्या अर्थाचा खल झाला नाही.

तो खल झाला १८९७ मध्ये मुंबईत, बाळ गंगाधर टिळक यांच्या खटल्यात. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा, म्हणजे प्रेमाचा, अभाव. त्यात द्वेष, शत्रुत्व, नावड असे सर्व काही येते. बचाव पक्षाचे म्हणणे, राज्याविरुद्ध उठण्याकडे नेणारी बेइमानी असाच त्याचा अर्थ घ्यावा. राजकीय इंग्रजीत हा शब्द दीर्घकाळ राज्यकर्त्याविषयीची निष्ठा सुटणे या अर्थाने चालत आला होता. स्ट्रॅची यांनी शब्दाची फोड करून अर्थ काढला, इतिहास पाहून नव्हे. ‘डिस’ म्हणजे अभाव आणि ‘अफेक्शन’ म्हणजे प्रेम ही फोड व्याकरणाला पटते. पण शब्द आपल्या तुकड्यांच्या बेरजेएवढाच असतो असे नाही. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १८९८ मध्ये कलमात दुरुस्ती होऊन शत्रुत्वाच्या सर्व भावना डिसअफेक्शनमध्ये समाविष्ट झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये या कलमाचा वापर स्थगित ठेवला, आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एका जुन्या इंग्रजी शब्दाच्या अर्थावर माणसांचे स्वातंत्र्य अवलंबून राहिले. शब्दार्थाची चर्चा हा पांडित्याचा खेळ आहे असे मानणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरेसे व्हावे.

वर्गातील उपयोजन

या विवेचनावरून जुना इंग्रजी मजकूर शिकविताना तीन प्रश्न क्रमाने विचारणे उपयुक्त ठरेल असे दिसते. पहिला, हा मजकूर कोणत्या वर्षाचा आहे आणि त्या वर्षी या शब्दाचे कोणते अर्थ प्रचारात होते? दुसरा, हा शब्द कोणी कोणासाठी वापरला, आणि तोच शब्द लिहिणारा स्वतःसाठी वापरीत होता काय? तिसरा, त्याच गोष्टीसाठी त्या काळच्या उर्दू, फारसी किंवा मराठी लेखनात कोणता शब्द आहे?

भाषांतरित साधनांच्या बाबतीत तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १८७० च्या यात्रावृत्तांतातील इंग्रजी शब्द सिकंदर बेगम यांचे नाहीत. ते भाषांतरकर्तीचे, म्हणजे भोपाळच्या पोलिटिकल एजंटच्या पत्नीचे आहेत. त्या शब्दांवरून बेगम यांच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे दुभाष्याचा आवाज साक्षीदाराचा मानण्यासारखे आहे. उर्दू जाणणारे, मराठी जाणणारे आणि इंग्रजी शिकविणारे अध्यापक एकाच महाविद्यालयात असतात. त्यांनी एखादा उतारा एकत्र बसून वाचला तर यातील बरेच काम कोणत्याही वेगळ्या अनुदानाशिवाय होऊ शकते.

समारोप

शब्दाचे वय न पाहता वाचन केले तर ‘व्हल्गर’ शिवी वाटते आणि ‘प्रिटेंडेड’ कबुलीजबाब वाटतो. केवळ वय पाहून थांबले तर ‘अ‍ॅडव्हेंचरर’मधील तुच्छता आणि ‘मूर्स’मधील चूक निसटते. दोन्ही टाळणे हे अध्यापकाचे काम आहे. इंग्रज लेखक व्हॅलेंटाइन चिरोल यांनी टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले ते दूषण म्हणून. मराठी माणसाने ते भूषण म्हणून स्वीकारले. शब्दाचा अर्थ बदलतो तो काळामुळे, तसाच तो ज्याला लावला त्याच्या हिमतीमुळेही. हे जाणणारा विद्यार्थी भोपाळच्या तहाचा कागद आणि आजच्या वर्तमानपत्राचा मथळा सारख्याच सावधपणे वाचील.